वंगणाने काय साधते?

आपल्या शहरातून पैठणकडे निघालात की गळिताच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या दिसतात. अशाच गाडीवानांच्या एका बैठकीत मला प्रश्न आला, "दादा, ग्रीसला पैसे कामून घालायचे? बैल तर ओढूनच राहिला." खिशातून पैसा जातो तो कशासाठी, हे माणसाने विचारलेच पाहिजे. माझी शाळा अर्ध्यावर सुटलेली. तरी हिशेब मांडून पाहिला.

जुनी लाकडी चाकाची गाडी आधी घेऊ. चाक फिरते तेव्हा तुंब्यातली लोखंडी नळी कण्यावर घासते. म्हणून गाडीखाली वंगणाचे नळकांडे लोंबत असे. लहानपणी त्याने सदरे काळे करून मी पुष्कळ बोलणी खाल्ली. कोरडे लोखंड लोखंडावर सरकवायला वजनाच्या साधारण निम्मा जोर लागतो. वंगणाने तो दहाव्या हिश्शावर येतो. मात्र चाक कण्याच्या तीसपट मोठे धरले, तर या घर्षणाचा तिसावा भागच बैलांच्या मानेवर पडतो. 1000 किलोंच्या भाराला कोरड्या कण्यापायी 17 किलोंचा ओढा, वंगणाने 3 किलोंचा. चांगल्या सडकेवर चाक गडगडण्यासाठी आणखी सुमारे 20 किलोंचा ओढा लागतो. म्हणजे 37 चे 23 झाले; तिसऱ्या हिश्शाहून अधिक बचत! पण मऊ रानात मातीच 100 किलोंचा ओढा मागते. तिथे 117 चे 103 होतात, आणि बैलाला ते जाणवतही नसेल. तेव्हा वंगण घातले आहे, चढवा आणखी चार मोळ्या, असे म्हणणाऱ्याला आधी रस्ता दाखवावा.

जमिनीलाही वंगण लागते, हे इजिप्तच्या लोकांना ठाऊक होते. सुमारे 3900 वर्षांपूर्वीच्या जेहुतिहोतेपच्या थडग्यात एक चित्र आहे : घसरगाडीवर प्रचंड पुतळा, दोर ओढणारी 172 माणसे, आणि पुढे वाळूवर पाणी ओतणारा एकटा. 2014 साली अॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात प्रयोग झाले. बेताचे पाणी घातले तर वाळूवरचा ओढा निम्म्यावर येतो. जास्त झाले तर लाभ उरत नाही. तो एकटा माणूस बऱ्याच जणांचे काम करीत होता म्हणायचा.

आता टायरगाडी. तिच्यात बेअरिंग असते, गोळ्या मुळातच सहज फिरतात. ग्रीसने ओढ्यात फारसा फरक पडत नाही. तिथे ग्रीसचे काम राखणदाराचे : धूळ आणि पाणी आत येऊ द्यायचे नाही, गंज धरू द्यायचा नाही. बैलांचा ओढा कमी करायचा तर आधी टायरची हवा पाहावी. पण मजुरी टनावर मिळते. वाटेत बेअरिंग जाम झाले तर गाडी अडते, आणि नवराबायकोची दिवसाची मजुरी अडते. म्हणून ग्रीस घालावेच; आणि गाडी भाड्याची किंवा कारखान्याची असेल तर त्याचा खर्च गाडीच्या मालकाने सोसावा, असे माझे मत मी बैठकीत सांगितले.

मागचा एक म्हातारा गाडीवान उठून म्हणाला, "अन् हवेचे पैसे?" तेही कलम मागण्यांच्या कागदावर चढले.