केबलवर फोरआर्म कमवताय? आधी दोरीची दिशा बघा



पालम आणि आसपासच्या गावांत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं भरपूर. हात आणि पकड हा माझ्या पीएचडीचा विषय आहे हे कळलं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "दादा, केबल मशीनवर फोरआर्म लवकर बनतात का?"

थोडक्यात उत्तर असं: मशीनमध्ये जादू काही नाही. पण डंबेलमध्ये नसलेली एक सोय त्यात आहे. ती नीट समजली, तर जिम नसलेल्या गावातही तिचा उपयोग करता येतो.

आधी हात समजून घेऊ

कोपरापासून मनगटापर्यंत वीसेक स्नायू आहेत. त्यांचे ढोबळ दोन गट करू. तळव्याच्या बाजूचे स्नायू मनगट आत वाकवतात, बोटं मिटवतात. मागच्या बाजूचे स्नायू मनगट मागं उचलतात, बोटं उघडतात. पहिल्या गटातले बरेचसे कोपराच्या आतल्या उंचवट्यापासून निघतात, दुसऱ्यातले बरेचसे बाहेरच्या उंचवट्यापासून.

आता वाचता वाचता एक प्रयोग करा. मनगट पूर्ण आत वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळा. जमत नाही ना? आता मनगट किंचित मागं उचला आणि परत आवळा. लगेच जोर आला. मनगट आत वाकलं की बोटं मिटवणारे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना ओढायला जागाच उरत नाही. म्हणून घट्ट पकडायचं असेल तेव्हा मागचे स्नायू मनगट मागं धरून ठेवतात. म्हणजे पकड ही एकट्या मुठीची नाही, मागच्या बाजूचीही आहे.

मग केबलचं काय?

जिममध्ये सांगतात, "केबलमध्ये ताण सतत राहतो." हे अर्धंच खरं आहे. दोरीतला ताण जवळपास सारखा राहतो, हे बरोबर. पण मनगटाला किती जड लागेल ते दोरी आणि पंजा यांच्यातल्या कोनावर ठरतं. काटकोन असेल तेव्हा सगळ्यात जड. पंजा दोरीच्याच रेषेत आला की मनगटावर भार जवळपास शून्य.

डंबेलचं वजन कायम सरळ खाली ओढतं. त्यामुळे हात मांडीवर आडवा टेकवून मनगट वाकवताना पंजा आडवा असतो तेव्हाच ते सगळ्यात जड लागतं. खाली आणि वर, दोन्ही टोकांना हलकं होत जातं. केबलमध्ये मात्र ओढ कुठून यावी हे तुम्ही ठरवता.

मशीनकडे तोंड करून बसा, पुली तळाशी, हात मांडीवर, तळवा वर. आता बघा:

– पुली बरोबर पंजाखाली असेल, तर डंबेलसारखाच अनुभव.
– बाकडं मागं सरकवलं, की दोरी तिरकी पुढं जाते. मग पंजा वर आल्यावर जास्त जड लागतं.
– पुली पंजाच्या थोडी मागं राहिली, तर उलट. पंजा खाली, स्नायू ताणलेला असतानाच जास्त जड.

वजन तेच, जागा बदलली. केबलची खरी कमाई ही आहे.

आणखी एक. मशीनवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. बऱ्याच मशीनमध्ये फिरती कप्पी असते, त्यामुळे १० किलो लावले तरी हाताला ५ किलोच लागतात. मित्र दुसऱ्या जिममध्ये २० मारतो म्हणून मनाला लावून घेऊ नका!

मागची बाजू विसरू नका

बहुतेक जण तळवा वर ठेवूनच व्यायाम करतात. पण शेतातला हात दिवसभर विळा, खुरपं, नाही तर बादलीची कडी आवळूनच असतो. त्याला संध्याकाळी परत आवळायलाच लावण्यापेक्षा उलटी बाजू द्या. तळवा खाली, मनगट वर उचलायचं, निम्म्या किंवा त्याहून कमी वजनावर. वर नेताना घाई चालेल, खाली सोडताना मात्र सावकाश.

सावकाश सोडण्याला कारण आहे. कोपराच्या बाहेरच्या दुखण्याला 'टेनिस एल्बो' म्हणतात, पण ते टेनिस न खेळणाऱ्यांनाच जास्त होतं. २०१० मध्ये टायलर आणि सहकाऱ्यांनी अशा २१ रुग्णांवर अभ्यास केला. नेहमीच्या उपचारांसोबत काहींना रबरी दांडा पिळून हळूहळू सोडायला दिला, ओला कपडा पिळतो ना, तसंच काहीसं. त्यांचं दुखणं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी झालं. २१ म्हणजे माणसं थोडी, हे लक्षात ठेवा. पण दिशा उपयोगाची आहे.

मशीन नसेल तर?

केबल मशीन म्हणजे शाळेत शिकलेली कप्पीच. घट्ट आडूला कप्पी बांधा, दोरीच्या एका टोकाला पाच लिटरचा कॅन, दुसऱ्या टोकाला पकडायला लाकडी दांडा. पाणी १ लिटर म्हणजे १ किलो, त्यामुळे वजन थोडं थोडं वाढवता येतं. कप्पी वर आहे, म्हणून ओढ वरून येईल. मग तळवा खाली ठेवून पंजा खाली दाबलात तर मुठीकडची बाजू काम करते, तळवा वर ठेवून पंजा खाली दाबलात तर मागची. आठवड्यातून दोन दिवस, १५ ते २० वेळा, दोन-तीन सेट पुरेत. स्नायूंपेक्षा त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, सावकाश तयार होतात. म्हणून वजन वाढवायची घाई नको.

अपेक्षा किती ठेवायची?

भरतीतला गोळा मुलांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. तो लांब जातो पाय, कंबर आणि खांद्याच्या जोरावर. मनगट शेवटचा झटका देतं. नुसत्या फोरआर्मवर मार्क मिळणार नाहीत.

२०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास आला, त्यात भारतही होता. पकड ५ किलोने कमी असेल, तर पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त दिसला. याचा अर्थ मूठ आवळून आयुष्य वाढतं असा नाही. पकड हा सगळ्या शरीराच्या ताकदीचा आरसा आहे. आरसा पुसून चेहरा बदलत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं: रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, किंवा कोपराच्या बाहेर दुखून तांब्या उचलणंही जड जात असेल, तर व्यायाम वाढवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. ज्यांचं पोट हातावर आहे, त्यांनी तर हे अंगावर काढूच नये.