डायनामोची कुंडली

जुन्या मोटारीचा पत्रा ठोकून घेता येतो, सीटा नव्याने शिवता येतात, इंजिनाचं बोअरिंग करता येतं. घोडं अडतं ते चार्जिंगपाशी. गाडी झोकात निघते, पण रात्री दिवे लावून थोडं अंतर जाताच उजेड पिवळा पडतो आणि हॉर्न घोगरा होतो. मग कुणीतरी सल्ला देतं, 'काढा तो डायनामो, अल्टरनेटर बसवून टाका.' सल्ला सोयीचा खरा, पण त्यात गाडीचा मूळ भाग भंगारात जातो. बहुतेक वेळा तो दुरुस्त होण्यासारखा असतो. मात्र आधी तो नेमका कोणता, हे ओळखावं लागतं.

सातारा-सांगली पट्ट्यात या कामाला जमीन चांगली आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं होऊ लागली. पुढे १९६०च्या दशकात कोयनेची वीज आली, कृष्णा-वारणेच्या काठी पंप बसले, आणि जळालेली मोटर भरून देणारी दुकानं तालुक्याच्या गावोगावी निघाली. तांब्याची तार गुंडाळणारे हात इथे मुबलक आहेत.

पण इथेच फसगत होते. विहिरीवरच्या पंपाची मोटर एसीवर चालते. तिची तार स्थिर भागात असते, फिरत्या रोटरमध्ये नुसत्या धातूच्या कांड्या. डायनामोत मात्र तार भरलेलं आर्मेचर फिरतं. त्याच्या प्रत्येक कॉइलचं टोक कॉम्युटेटरच्या ठरलेल्या पट्टीला डाखलेलं असतं आणि त्यावरून कार्बन घासत राहतात. हे काम पंपवाल्यापेक्षा मिक्सरचं किंवा स्टार्टरचं आर्मेचर भरणाऱ्याला जवळचं. म्हणून दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न विचारावा, 'आर्मेचर भरता का?'

आता ओळख. महायुद्धातल्या विलीज जीपची व्यवस्था सहा व्होल्टची. अमेरिकन मोटारीही १९५५च्या सुमारापर्यंत बहुतांशी सहा व्होल्टच्याच. त्यांच्या ऑटोलाइट किंवा डेल्को-रेमी डायनामोवर रिव्हेट मारलेली छोटी पट्टी असते आणि तिच्यावर मॉडेल क्रमांक. ही पट्टी रंगाखाली गाडलेली असते, म्हणून वाळूच्या माऱ्याने डायनामो साफ करू नये. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे.

युद्धानंतरच्या बहुतेक ब्रिटिश मोटारी बारा व्होल्टच्या आणि ल्युकासच्या घराण्यातल्या. ल्युकासचा क्रमांक डायनामोच्या अंगावरच ठोकलेला असतो: सी-३९, सी-४०, सी-४५. आकडा म्हणजे बाहेरचा व्यास, इंचाच्या दशांशात. त्यामुळे ठसा झिजला असला तरी व्हर्निअर लावून घराणं कळतं. ९९ मिलिमीटर भरला तर सी-३९, ११४ भरला तर सी-४५.

सर्वांत जुन्या गाड्यांत व्होल्टेज रेग्युलेटर नसतोच. तिथे तिसरा ब्रश असतो. तो सरकवून करंट कमी-जास्त करायचा. दिवसाचा लांबचा प्रवास झाला की बॅटरी उकळते, कारण करंट तिच्या गरजेकडे बघत नाही. जोडीला कटआउट असतो. इंजिन मंदावलं की बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ नये, हे त्याचं काम.

घराणं कळल्यावर अर्थिंग बघायचं. ल्युकासमध्ये फील्ड कॉइलचं एक टोक आतूनच बॉडीला जोडलेलं असतं, तर डेल्को-रेमीच्या नेहमीच्या रचनेत फील्डचा करंट रेग्युलेटरमधून अर्थ होतो. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला लावला की गोंधळ ठरलेला. शिवाय १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक जातं. मधल्या कुणी सवयीने निगेटिव्ह जोडलं असेल, तर डायनामोचं शिल्लक चुंबकत्व आधी तपासावं.

डायनामो खोलण्यापूर्वीची ल्युकासची चाचणी सोपी आहे. दोन्ही वायरी काढायच्या, 'डी' आणि 'एफ' ही टोकं एकमेकांना जोडायची, तो जोड आणि बॉडी यांच्यात व्होल्टमीटर लावायचा आणि इंजिनाचे फेरे हळूहळू हजारापर्यंत वाढवायचे. काटा न थरथरता चढला तर डायनामो ठीक, दोष पुढे रेग्युलेटर-कटआउटच्या कंट्रोल बॉक्समध्ये किंवा वायरिंगमध्ये. वीस व्होल्टच्या वर मात्र जाऊ देऊ नये. काटा हललाच नाही तर कार्बन बघा. अर्ध्या-एक व्होल्टवर अडला तर फील्ड, चार-पाचवर अडला तर आर्मेचर. एका काट्यावरून निम्मं निदान होतं.

पुढचं काम लेथवरचं आणि संयमाचं. कॉम्युटेटरवरून हलका कट घ्यायचा. मग पट्ट्यांमधला अभ्रक, जाडीला घासून घेतलेल्या हॅक्सॉच्या पात्याने, सुमारे पाऊण मिलिमीटर खाली न्यायचा. तो वर राहिला तर कार्बन उड्या मारतात आणि ठिणग्या पडतात. एमरी पेपर वापरायचा नाही, त्याचे कण तांब्यात रुततात. काचकागदच घ्यायचा. फील्ड कॉइलचा रोध सी-३९, सी-४०मध्ये साधारण सहा ओहम भरतो. फारच कमी आला तर आतली तार शॉर्ट आहे. मागचा कांस्याचा बुश नवा घालायचा तर तो २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा.

हा खटाटोप कशासाठी? जुलै २०२१मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी दिली. नियमाचा रोख चॅसिस, बॉडी, इंजिन यांत केलेल्या मोठ्या बदलांवर आहे. डायनामो ठेवायचा की नाही, हे मालकावर आहे.

ठेवायचा ठरवलाच, तर एक गोष्ट करावी. जुनं आर्मेचर उसवताना खाचा किती, पट्ट्या किती, एका कॉइलला फेरे किती, तारेचा गेज कोणता आणि कोणतं टोक कितव्या पट्टीला गेलं, हे सगळं कारागिराकडून लिहून घ्यावं. एकदा तार भंगारात गेली की हे आकडे परत मिळत नाहीत, आणि पुढच्या कारागिराला अंदाजावर काम करावं लागतं. तो कागद आरसी बुकाबरोबर ठेवावा, आणि गाडी विकली तर गाडीबरोबर द्यावा.