कुत्र्यातील रक्तक्षय : कारणे व निदान

शेतावरील राखणीचा कुत्रा हा शेतकऱ्याचा बिनपगारी जागल्या होय. खळ्यावरील धान्य, गोठ्यातील वासरे व धनगराची मेंढरे त्याच्याच भरवशावर रात्र काढतात. असा कुत्रा भुंकेनासा झाला, सावली सोडीनासा झाला, की "आता म्हातारा झाला" असे म्हणून आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. पुष्कळदा ते वार्धक्य नसून रक्तक्षय असतो. व कारण वेळीच सापडल्यास अनेक कुत्री बरी होतात.

रक्तक्षय हा स्वतंत्र रोग नव्हे, ते दुसऱ्या रोगाचे लक्षण होय. निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण सामान्यतः शेकडा ३७ ते ५५ असते. ते घटण्याचे मार्ग तीन आहेत.

१. रक्त वाहून जाणे : जखमेतून गेलेले रक्त दिसते, गोचीड, पिसवा व अंकुशकृमी ह्यांनी शोषलेले दिसत नाही. अंकुशकृमी आतड्यास चिकटून रक्त पितात व विष्ठा डांबरासारखी काळी होते. पिल्लांना हे कृमी आईच्या दुधातून मिळतात. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांची पिल्ले एकाएकी पांढरीफटक पडून दगावतात. उंदरांसाठी ठेवलेले ब्रोमाडिओलोनचे आमिष कुत्र्याने खाल्ल्यास रक्त गोठत नाही व काही दिवसांनी शरीराच्या आत रक्तस्राव होतो.

२. पेशी फुटणे : गोचीड रक्त पितात तसा रोगही देतात. बॅबेसिया गिब्सोनी हा रक्तातील परजीवी पॅटन ह्यांनी १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत वर्णिला. ह्या रोगात ताप येतो, लघवी गडद होते व कधी कावीळ दिसते. कांदा व लसूण ह्यांनीही कुत्र्याच्या पेशी फुटतात. शिजविल्याने हा दोष जात नाही.

३. नवे रक्त न बनणे : मूत्रपिंडाचे जुनाट विकार, दीर्घ उपासमार, तसेच गोचिडांपासून होणारा एर्लिचिया रोग जुना झाल्यास ही अवस्था येते.

निदान कसे करावे?

कुत्र्याचा ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असल्या पाहिजेत. हिरड्या मुळातच काळ्या असल्यास डोळ्याची खालची पापणी उलटून पाहावी. फिकटपणाबरोबर पिवळी झाक असल्यास पेशी फुटत असल्याचा संशय घ्यावा. नंतर कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावेत. लघवी व विष्ठेचा रंग कसा आहे, अलीकडे काय खाण्यात आले, हे टिपून ठेवावे.

पुढील निदान पशुवैद्यकाचे आहे. तो रक्तातील पेशींचे प्रमाण मोजतो, कानाच्या टोकातील रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून परजीवी शोधतो व विष्ठेत कृमींची अंडी पाहतो. मात्र अगदी लहान पिल्लांच्या विष्ठेत अंडी दिसण्यापूर्वीच रक्तक्षय बळावलेला असू शकतो.

एका वस्तीवर मालकाने आपल्या कुत्र्यास पंधरा दिवस लोहाचे औषध पाजले. गुण आला नाही. कान उलटताच गोचिडांचे झुबके दिसले आणि काचपट्टीवर बॅबेसिया सापडला. उपचारानंतर महिन्याभरात कुत्रा पुन्हा राखणीस बसू लागला. गळक्या रांजणात पाणी ओतून काय उपयोग? आधी छिद्र शोधले पाहिजे.

ध्यानात ठेवावे

* माणसांची वेदनाशामक औषधे कुत्र्यास देऊ नयेत. काहींमुळे पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो.
* पिकांवरील कीटकनाशक अंगास चोळू नये.
* गोचीड बोटांनी चिरडू नयेत. चिमट्याने ओढून काढावेत. भिंतींच्या भेगा बुजवाव्यात.
* पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे, आईसही द्यावे.
* विष्ठा उचलून पुरावी. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी माणसाच्या कातडीतही शिरतात व खाज उत्पन्न करतात.

ग्रामसेवकांनी वस्तीवर गेल्यावर गुरांबरोबर राखणीच्या कुत्र्याचाही ओठ उचलून पाहावा. त्यास क्षणभरच लागतो. पण त्या क्षणावर एका इमानी प्राण्याचा जीव अवलंबून असू शकतो.