अ‍ॅक्सल बसला, पण चाकं वळणार कशी?

‘बॅक टू द फ्यूचर’ या १९८५ सालच्या चित्रपटात मार्टी मॅकफ्लायचा जीव जिच्यावर जडतो, ती काळी पिकअप म्हणजे टोयोटाची एसआर-५ फोर बाय फोर. अमेरिकेतल्या ऑफ-रोडवाल्यांचा मात्र तिच्या रंगापेक्षा पोटाखालच्या भागावर जास्त जीव. पुढची दोन्ही चाकं जोडणारा अखंड, दणकट अ‍ॅक्सल तिथे होता. पुढच्याच वर्षी, १९८६ च्या मॉडेलपासून, टोयोटाने अमेरिकेत तो काढला आणि पुढची चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतील असं सस्पेन्शन दिलं.

डांबरी रस्त्यावर गाडी मऊ चालू लागली. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलसारख्या दगडधोंड्यांच्या वाटेवर मात्र जुन्या गाडीची सर तिला येईना. एक चाक दगडावर चढलं की अखंड अ‍ॅक्सल दुसऱ्या चाकाला खाली रेटतो आणि पकड टिकते. मग नव्या गाडीखाली जुना अ‍ॅक्सल घालण्याचा उद्योग सुरू झाला, तो अजून थांबलेला नाही.

कटर, वेल्डिंग, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) ब्रॅकेट, शॉकअपची नवी जागा ही सगळी कामं घाम काढतात, पण ती सरळ आहेत. गाडी चाकांवर उभी राहिली की मालक फोटो काढतो. डोकं चालवावं लागतं ते त्यानंतर, स्टिअरिंगच्या दांड्या जोडताना.

मुळातली अडचण अशी. स्टिअरिंग बॉक्स चॅसीवर असतो आणि चाकं अ‍ॅक्सलवर. बॉक्समधून निघालेला पिटमन आर्म ड्रॅग लिंक नावाची दांडी ढकलतो. ती एका चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्याच्यासह वळतं त्या सांध्याला, वळवते आणि टाय रॉड दुसऱ्या चाकाला सोबत नेतो. खड्डा आला की चॅसी आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर बदलतं, ड्रॅग लिंकची लांबी मात्र तेवढीच राहते. मग ड्रायव्हरने हात हलवला नाही तरी चाकं वळतात. याला बंप स्टिअर म्हणतात.

जुन्या टोयोटात ड्रॅग लिंक गाडीच्या लांबीला समांतर, ड्रायव्हरच्याच बाजूच्या नकलकडे जायची. उंच पाटे घातले की गाडी प्रत्येक उंचवट्यावर रस्ता सोडू पाहायची. त्यावरचा उपाय म्हणजे क्रॉसओव्हर स्टिअरिंग. यात पिटमन आर्म आडवा, डावीउजवीकडे फिरतो आणि ड्रॅग लिंक गाडीच्या रुंदीभर आडवी जाऊन पलीकडच्या चाकाला धरते. गंमत म्हणजे असा बॉक्स १९८६ पासूनच्या स्वतंत्र सस्पेन्शनवाल्या गाड्यांमध्येच होता. जुन्या गाडीवालेही तोच शोधून आणतात आणि चॅसीच्या बाहेरच्या अंगाला बसवतात. तिथे चॅसीला आतून नळ्या आणि बाहेरून पत्रा देऊन मजबुती दिली नाही, तर मोठ्या टायरच्या झटक्यांनी चॅसीच तडकते.

दांडी जितकी लांब आणि जितकी आडवी, तितकं बरं. ९० सेंटिमीटरची ड्रॅग लिंक जमिनीला समांतर आहे असं धरू. अ‍ॅक्सल सरळ १० सेंटिमीटर वर आला, तर दांडीचं टोक आडव्या दिशेत जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकतं. तीच दांडी आधीच २० अंश उतरती असेल, तर तेवढ्याच उसळीला ते जवळपास ३ सेंटिमीटर सरकतं. नकलवरचा आर्म १५ सेंटिमीटरचा असेल, तर चाक अकरा अंशांहून जास्त वळलं! ताशी ८० किलोमीटरच्या वेगात हा आकडा अंगावर काटा आणतो. म्हणून नकलच्या माथ्यावर उंच आर्म बसवून दोन्ही दांड्या पाट्यांच्या वरून नेतात.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीत अ‍ॅक्सलला आडवं धरून ठेवायला पॅनहार्ड रॉड लागतो. तिथे नियम वेगळा: ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समांतर हवेत, लांबीही शक्यतो सारखी. म्हणजे अ‍ॅक्सल आणि दांडी एकाच कमानीत हलतात. फक्त ड्रॅग लिंक उचलून पॅनहार्ड तसाच ठेवणं ही जीपवाल्यांची हमखास चूक.

दांडी कापण्याआधी बॉक्सचा मध्य काढावा लागतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजायचे, निम्मे मागे यायचे, चाकं सरळ करायची आणि मग माप घ्यायचं. टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, त्यामुळे नळी फिरवली की लांबी बदलते. दोन्ही टायरांवर खडूने रेघ मारून पुढचं आणि मागचं अंतर टेपने मोजतात. पुढे साधारण ३ मिलिमीटर कमी भरलं की काम भागतं. टाय रॉड एंडचा दांडा निमुळता असतो, म्हणून भोकही रीमरने तसंच निमुळतं करायला हवं. सरळ भोकात नट कितीही आवळला तरी दांडा हलतोच. शेवटी एक चाक पूर्ण वर, दुसरं पूर्ण खाली आणि स्टिअरिंग एका टोकाला, अशा स्थितीत कुठलाही जॉइंट अडकत नाही ना, हे बघायचं.

गाडी थरथरू लागली की स्टिअरिंग डॅम्पर घालण्याचा मोह होतो. ही ताप उतरवणारी गोळी आहे. दोष बहुतेक वेळा सैल जॉइंटात किंवा चुकलेल्या कॅस्टरमध्ये, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या अक्षाच्या पुढे-मागे कलात, असतो.

सह्याद्रीत फिरणाऱ्या जुन्या महिंद्रा एमएम ५४० ला अखंड अ‍ॅक्सल मुळातच होता. २०१० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं आणि तीच चर्चा इथल्या गॅरेजांतही पोचली. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून अमेरिकी किट उलट बाजूचं ठरतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

टोयोटाच्या क्रॉसओव्हरमध्ये पलीकडच्या बाजूचा आर्म टाय रॉड आणि ड्रॅग लिंक असा दोघांचा जोर झेलतो, आणि तो नकलवर फक्त चार स्टडांनी धरलेला असतो. एक सैल झाला की बाकीच्यांवर ताण येतो आणि ते तुटतात. म्हणून जाणती मंडळी दर ट्रेलनंतर टॉर्क रेंच घेऊन आधी त्या बाजूच्या चाकाशी बसतात.