संगणकाचा वेग वाढवताना

'ओव्हरक्लॉकिंग' हा शब्द हल्ली विद्यार्थ्यांच्या बोलण्यात वारंवार येतो. संगणकाचा प्रोसेसर कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु त्याविषयी दोन टोकांच्या समजुती आढळतात. कोणी म्हणतो, त्यात अवघड असे काहीच नाही. कोणी म्हणतो, प्रोसेसर हमखास जळतो. वस्तुतः दोन्ही खऱ्या नाहीत.

मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतच आला. तरीही हा विषय लिहायला घेतला, त्याचे कारण व्यावहारिक आहे. लग्नसराईत मी चित्रीकरणाच्या संकलनाचे काम करतो व त्या पैशातून माझी फी भागते. संगणक जुना घेतलेला, हमीची मुदत संपलेला. आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिलाच. हे यंत्र बिघडले तर दुसरे आणण्याची ऐपत नाही. तेव्हा हात लावण्याआधी सगळे समजून घेणे भागच होते.

भजनात टाळ ठेका धरतात आणि सारे गाणे त्यावर चालते, तसे प्रोसेसरचे आहे. मदरबोर्डवरून सेकंदाला दहा कोटी ठोके मिळतात, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. प्रोसेसर त्यांना एका आकड्याने गुणतो. या आकड्याला मल्टिप्लायर म्हणजे गुणक म्हणतात. माझा प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५ १६०० आहे, तो २०१७ साली बाजारात आला. त्याचे सहाही गाभे एकदम कामाला लागले की गुणक साधारण ३४ असतो, म्हणजे वेग ३४०० मेगाहर्ट्झ. गुणक ३७ केला की ३७०० झाले. मात्र ही मुभा सर्वांना नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात सहसा 'के' हे अक्षर लागते. रायझन बहुतेक सारे मोकळे असले, तरी स्वस्तातले 'ए' मालिकेचे मदरबोर्ड गुणक बदलू देत नाहीत. खरेदीपूर्वी एवढे तरी पाहावे.

आता प्रश्न असा, की कारखान्यानेच जादा वेग का दिला नाही? एकाच चकतीतून कापलेले प्रोसेसर तंतोतंत सारखे निघत नाहीत. वर छापलेला आकडा त्यातल्या कमकुवत नगालाही, उन्हाळ्यातसुद्धा, निभावला पाहिजे. म्हणून थोडी जागा राखून ठेवलेली असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा त्या राखीव जागेत शिरतो. ती प्रत्येक नगात निराळी असते, म्हणून मित्राचा आकडा आपल्या यंत्राला लावण्यात अर्थ नाही.

खरा धोका वेगात नाही, व्होल्टेजमध्ये आहे. ठोका जलद झाला की आतल्या सूक्ष्म कळा वेळेत उघडझाप करू शकत नाहीत, त्यांना अधिक दाब लागतो. पण उष्णता वेगाच्या पटीत वाढते, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.२ व्होल्टचे १.३ केले आणि वेग ३४०० वरून ३७०० वर नेला, तर वेग ९ टक्क्यांनी वाढतो आणि विजेचा खर्च सुमारे २८ टक्क्यांनी. आपल्या मराठवाड्यात मोटर जळणे म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की विहिरीवरची मोटर बहुधा व्होल्टेज कमी पडल्याने जळते आणि प्रोसेसरचा घात जादा व्होल्टेजने होतो. तोही एकदम नाही, तर महिनोन् महिने झिजत. खुद्द इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना २०२४ साली हेच झाले. गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागितले जात असल्याचे कंपनीने मान्य केले आणि हमी दोन वर्षांनी वाढवून दिली. तिथे मालकाने काहीच केलेले नव्हते, हे विशेष!

आता प्रत्यक्ष कृती. आरंभ पंखा व हीट सिंकवरची धूळ झाडण्यापासून करावा. काही यंत्रांना तेवढ्याने पुरते आणि पुढे जाण्याची गरजच उरत नाही. मग महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. मूळ वेगावरच यंत्रावर तासभर पूर्ण भार टाकून प्रोसेसरचे तापमान नोंदवावे, शेजारी खोलीचेही लिहावे. पुष्कळजण हे दुसरे लिहीत नाहीत. आपल्या छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. खोली १४ अंशांनी तापली तर प्रोसेसरही जवळजवळ तितकाच तापतो.

त्यानंतर संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन गुणक एकानेच वाढवावा. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नये, कारण काही मदरबोर्ड आपण होऊन फार वाढवतात. ते आकडा घालून कायम करावे. दर पायरीला चाचणी घ्यावी. त्यासाठी 'प्राइम ९५' हा कार्यक्रम वापरतात. तो मुळात मोठ्या अविभाज्य संख्या शोधण्यासाठी १९९६ मध्ये निघाला. आपले उत्तर तो स्वतःच पडताळतो, म्हणून यंत्र बंद न पडताही गणित चुकू लागले तर ते कळते. पडदा निळा झाला तर निदान दिसते तरी, गुपचूप चुकणारे यंत्र अधिक वाईट. संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नये. वायर काढून मदरबोर्डवरची गोल बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवली, की बहुधा मूळ आकडे परत येतात.

माझा प्रोसेसर डिसेंबरात १.२५ व्होल्टवर ३७०० ला निर्वेध चालला. तापमान ७१ अंश, खोली २४. तेवढ्याच व्होल्टेजवर ३८०० ला वीस मिनिटांत गणित चुकले. व्होल्टेज वाढवून ते जमलेही असते, पण मी तिथेच थांबलो. पदरात काय पडले म्हणाल तर तासाभराच्या कामात पाच मिनिटे.

एवढ्यासाठी हा खटाटोप का, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. ठोका वाढवून वेग मिळवण्याची वाट मोठ्या कंपन्यांनाही अडली. ४००० मेगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत इंटेलने २००४ मध्ये सोडून दिला व पुढे गाभ्यांची संख्या वाढत गेली. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला, तोही ६४ प्रोसेसरांना एकत्र जुंपून. काम वाटून द्यायचे, ही युक्ती आपल्याकडे तेव्हाच वापरली गेली होती. माझ्या यंत्रातल्या सहा गाभ्यांमागे तोच विचार आहे.

मूळ वेगाहून वर चालवताना ८० अंशांपुढे जायचे नाही, असे मी स्वतःसाठी ठरवले आहे. डिसेंबरातल्या ७१ चे मे महिन्यात ८५ होतात. म्हणून होळीला गुणक पुन्हा मूळ जागी आणला आणि मे महिन्यातल्या सगळ्या लग्नांचे काम त्याच वेगावर केले.