गोवा कॅन्सल, दिवेआगर कन्फर्म!

सीएसटी असो नाहीतर सीएसएमटी, संध्याकाळची बदलापूर लोकल काही बदलत नाही. डोंबिवली गेली की जरा श्वास घेता येतो, कल्याण गेलं की बॅग मांडीवर येते आणि उल्हासनगर-अंबरनाथ येईपर्यंत ग्रुपमध्ये विषय निघतोच, 'ए, या वेळी कुठे जायचं?' उत्तरही ठरलेलं असतं. गोवा! सुट्टी म्हणजे गोवा हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं फिट बसलंय की दुसरं नाव घेणारा एकदम 'अंकल' ठरतो. मग उल्हासनगरच्या जपानी बाजारातून फुलाफुलांचे शर्ट येतात, कुणीतरी हॉटेलचे रेट काढतो, कुणाची सुट्टी मंजूर होत नाही आणि ठरलेला गोवा नेहमीप्रमाणे बारगळतो.

पण बारगळला तर बारगळू दे ना! किनारा फक्त कळंगुट-बागालाच आहे असं थोडंच आहे? रायगडमधल्या श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगर नावाचं एक गाव आहे. लांबलचक सरळ किनारा, त्याला लागून सुरूचं बन आणि केवडा, मागे नारळ-सुपारीच्या वाड्या आणि वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. पब नाही, फ्ली मार्केट नाही, रात्रभर दणदणणारं म्युझिक नाही. 'मग आहे काय?' असं विचारत असाल, तर पुढचं वाचाच.

पंधरा तासांचा हिशेब

आधी एक साधं गणित. बदलापूरहून मुंबईत ऑफिस गाठायचं म्हणजे एका बाजूने किमान दीड तास. जाऊन-येऊन तीन. आठवड्याचे पाच दिवस धरले तर पंधरा तास, महिन्याचे साठ. म्हणजे महिन्यातले अख्खे अडीच दिवस आपण दुसऱ्याच्या खांद्यावर नाक टेकवून उभे असतो! असं असताना वर्षातून एकदा मिळणारी चार दिवसांची सुट्टीही गर्दीतच घालवायची? एअरपोर्टची रांग, टॅक्सीची रांग, शॅकमध्ये टेबलाची रांग... मग ठाणे स्टेशनने काय वाईट केलं होतं?

गोवा वाईट आहे असं कोण म्हणतंय? गोवा सहीच आहे. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे जे मिळतं ते शांतता नव्हे, तो सोहळा असतो. सोहळा हवा असेल तर जरूर जा. थकलेला माणूस मात्र सोहळ्याहून परततो तेव्हा आणखी थकलेला असतो, आणि सोमवारी ८.१२ची लोकल त्याची वाटच बघत असते.

'मग अलिबाग?' हा पुढचा प्रश्न. अलिबाग छानच, पण ते आता दक्षिण मुंबईकरांचं अंगण झालंय. गेटवेहून मांडव्याच्या बोटी होत्याच. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट नेणारी रो-रो सुरू झाली आणि २०२४ मध्ये अटल सेतू आला. मुंबईकरांसाठी अलिबाग जवळ आलं, आपल्यासाठी मात्र ते होतं तिथेच राहिलं. आपण पनवेल-पेण-वडखळ करत तिथे पोहोचतो तेव्हा बोटीने आलेली मंडळी नाश्ता उरकून वाळूवर आडवी झालेली असतात!

आपला रस्ता वेगळा

इथेच बदलापूर-अंबरनाथकरांचा खरा फायदा आहे. आपल्याला पनवेलला जायची गरजच नाही. बदलापूर-वांगणी-नेरळ करत कर्जत, तिथून खोपोली, मग पाली. बल्लाळेश्वराला हात जोडा, चहा घ्या आणि वाकणला मुंबई-गोवा हायवेला लागा. पुढे कोलाड, माणगाव, म्हसळा आणि दिवेआगर. साधारण पावणेदोनशे ते एकशेऐंशी किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर जेवणाच्या पानावर नक्की पोहोचाल. पनवेल ते इंदापूर या हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून सुरू झालं आणि किती वर्षं रेंगाळलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पालीमार्गे गेलात तर त्यातला पनवेल ते वाकण हा मोठा टप्पा टळतो, हा बोनस!

गाडी नाही? नो प्रॉब्लेम. दिव्याहून कोकण रेल्वेची गाडी पकडून माणगावला उतरा, पुढे एसटी आहे. फक्त गाड्यांच्या वेळा निघण्याआधी बघून ठेवा. उतरल्यावर दोन तास बस नाही हे तिथे जाऊन कळलं, तर चिडचिड दिवेआगरला पोहोचेपर्यंत जात नाही.

अंबरनाथचं जुनं नातं

आता एक मस्त योगायोग. अंबरनाथचं शिवमंदिर आपण रोजच्या धावपळीत विसरूनच गेलेलो असतो. त्या मंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० ही तारीख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांचं, मम्मुणी राजाचं राज्य होतं ते. आणि दिवेआगरला सापडलेला जुना मराठी ताम्रपट? त्यावरचं साल आहे शके ९८२! मराठीतल्या सर्वांत जुन्या ताम्रपटांत त्याची गणना होते. इकडे वालधुनीच्या काठी देवळाच्या दगडावर अक्षरं कोरली जात होती, तेव्हाच तिकडे समुद्राकाठी एका गावाचा व्यवहार तांब्याच्या पत्र्यावर मराठीत लिहिला जात होता. साडेनऊशेहून जास्त वर्षं झाली. गावातल्या रूपनारायणाच्या देवळातली विष्णूची मूर्ती बघा, म्हणजे त्या काळच्या कारागिरांचा हात किती तयार होता ते कळेल. मूर्तीच्या भोवती दशावतार कोरलेत, घाईत बघू नका.

दिवसभर करायचं काय?

खरं उत्तर आहे, फारसं काही नाही. तोच तर फंडा आहे!

सकाळी लवकर किनाऱ्यावर जा. ओहोटी असेल तर वाळू दूरपर्यंत उघडी पडलेली असते आणि छोट्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची रांगोळी काढलेली असते. भरती-ओहोटीची वेळ काढायला मोबाइल कशाला हवा? कोकणातली जुनी युक्ती आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारचे पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. तिथून सहा तासांनी ओहोटी. मिनिटाचा हिशेब लागत नाही, पण पोहायचं कधी आणि नुसतं बसायचं कधी एवढं नक्की कळतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाण्याशी मस्करी नको.

दुपारी जेवण. इथलं घरगुती जेवण हा स्वतंत्र विषय आहे! केळीच्या पानावर वालाचं बिरडं, फणसाची भाजी, आमटी-भात, सोलकढी आणि सांगून ठेवलेत तर उकडीचे मोदक. 'सांगून ठेवलेत तर' हे महत्त्वाचं. इथे मेन्यूकार्डावर बोट ठेवलं की दहा मिनिटांत डिश येत नाही. किती पानं हे सकाळी सांगायचं, मग तेवढंच रांधलं जातं. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच काकूंच्या कानावर घाला. मासे खाणाऱ्यांनी वेगळी खानावळ गाठावी. शेजारी भरडखोलला कोळीवाडा आहे, त्यामुळे ताज्याची काळजी नाही. जून-जुलैत मात्र मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका.

संध्याकाळी शेखाडीमार्गे श्रीवर्धनचा रस्ता पकडा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र, डिट्टो कॅलेंडरवरचं चित्र! श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव. पुढे हरिहरेश्वर. तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी उतरू नका. खडकावर उभं राहून फोटो काढताना माणसं लाटेबरोबर गेली आहेत. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर बागमांडल्याच्या जेट्टीवरून पलीकडे वेसवीला उतरून मंडणगड तालुक्यातलं वेळास करता येतं. तिथे 'सह्याद्री निसर्ग मित्र' या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवली. हाताच्या पंजात मावणारी पिल्लं समुद्राकडे तुरुतुरु जाताना बघितली की ऑफिसमधलं अप्रेझल वगैरे फार किरकोळ वाटायला लागतं.

शांततेची किंमत कोण देतं?

आता थोडं सीरियस. दिवेआगर शांत आहे म्हणजे तिथे काही घडलं नाही असं नाही. १९९७च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना पेटी मिळाली आणि त्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. बघता बघता सुवर्णगणेशाच्या दर्शनाला गर्दी व्हायला लागली, घराघरांत खोल्या निघाल्या, खानावळी सुरू झाल्या. मग २४ मार्च २०१२ला देवळावर दरोडा पडला. दोन रखवालदारांचा खून झाला आणि मुखवटा गेला. त्याबरोबर येणारी गर्दीही ओसरली. आरोपींना शिक्षा झाल्या. नव्याने घडवलेला मुखवटा देवळात बसायला मात्र २०२१ उजाडलं.

त्याआधीच दुसरा तडाखा बसला होता. ३ जून २०२०, 'निसर्ग' चक्रीवादळ. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा रायगडच्या किनाऱ्यावर आला आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड तालुक्यांतल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. 'श्रीवर्धनी रोठा' या नावाने ओळखली जाणारी इथली सुपारी ही घराघरांची मिळकत. भातासारखी ती पुढच्या वर्षी परत येत नाही. रोप लावल्यावर हाती सुपारी यायला पाच ते सात वर्षं लागतात! म्हणजे वादळानंतर लावलेल्या झाडांचं पीक आत्ता कुठे दिसायला लागण्याचे दिवस आलेत. मधली वर्षं घर कशावर चाललं असेल? बऱ्याच ठिकाणी त्या दोन खोल्यांवर आणि तुमच्या-आमच्या पानावर.

हे बदलापूरकरांना वेगळं समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही. २०१९च्या जुलैमध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, तेव्हा उल्हास नदी आपल्याही सोसायट्यांत शिरली होती. चिखल काढून पुन्हा घर लावणं म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच सुट्टीचे पैसे कुठे खर्च करायचे हा प्रश्न वाटतो तितका छोटा नाही. मोठ्या रिसॉर्टमध्ये आपण गेलो काय, न गेलो काय, कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र चार माणसं तीन दिवस राहिली तर एका घराचा महिना थोडा हलका होतो.

आणि हो, धोकाही आपणच आहोत. शनिवारी-रविवारी दिवेआगरलाही गर्दी असते, वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट असतो. काही शूर वीर थेट वाळूवर गाडी घालतात, भरती आली की ती रुतते आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरतात. बाटल्या सुरूच्या बनात फेकायच्या, रात्री गाडीचे दरवाजे उघडून गाणी लावायची, हे करायचं असेल तर दिवेआगरची कळंगुट व्हायला वेळ लागणार नाही. शांत गावाची शांतता ही काही सरकारी सोय नाही. येणारे जेवढी शिल्लक ठेवतात, तेवढीच ती उरते.

निघण्याआधी...

■ शक्यतो सोमवार ते गुरुवार जा. दोन सीएल टाकल्या तर काही कंपनी बुडत नाही! गर्दी कमी आणि खोल्याही मनासारख्या मिळतात.

■ खोली आणि जेवण दोन्ही फोन करून आधी ठरवा. दर माणशी आहे की खोलीचा, जेवण धरून की वेगळं, हे स्पष्ट विचारा.

■ रोख पैसे जवळ ठेवा. नेटवर्क गेलं की ऑनलाइन पेमेंटही गेलं.

■ पावसाळ्यात समुद्रात उतरू नका. खवळलेल्या हवेत जेट्टीच्या फेऱ्याही बंद राहू शकतात.

■ परतीचा बेत बदलायचा असेल तर दिघीहून आगरदांड्याची जेट्टी घ्या, गाडीही नेता येते. पलीकडे मुरूड-जंजिरा आहेच.

■ येताना सुपारी, कोकम, आमसुलं, पापड घ्यायचे तर गावातल्या घरांतूनच घ्या आणि घासाघीस जरा बेतानेच करा.

दिवेआगरलाच गेलं पाहिजे असंही नाही. केळशी आहे, आंजर्ले आहे, गुहागर आहे. आपला कोकण किनारा काही तोकडा नाही. फक्त पुढच्या वेळी ग्रुपमध्ये 'गोवा' असा एकमुखी पुकारा झाला की एकदा शांतपणे विचारा, 'आपल्याला पार्टी हवीय की आराम?' उत्तर आराम असेल, तर पालीचा रस्ता तुम्हाला आता माहीत आहे. मग बॉस, सुट्टीचा अर्ज कधी टाकताय?