बाद दारूगोळ्याचं बारमाही काम

३१ मे २०१६. मध्यरात्र उलटल्यावर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारातल्या एका कोठाराने पेट घेतला आणि आसपासच्या गावांतली माणसं लेकराबाळांना घेऊन अंधारात घराबाहेर पळाली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १९ जणांचा जीव गेला. त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे कर्मचारी मोठ्या संख्येने होते. कोठारात रणगाडाविरोधी सुरुंग होते, आणि त्यांतल्या सदोष सुरुंगांमधून टीएनटी पाझरत असल्याचं पुढे समोर आलं. सुरुंगात टीएनटी वितळवून ओतलेलं असतं. त्यात अशुद्धता राहिली की उष्णतेने तेलकट, तपकिरी द्रव सुटतो आणि सांध्यांतून झिरपत राहतो. वर्धा जिल्ह्यातला मे महिना कसा तापतो, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. असा माल नुसता वेगळा काढून भागत नाही. तो नष्ट होईपर्यंत धोका जसाच्या तसा राहतो.

अडीच वर्षांनी नष्ट करण्याच्या कामातच माणसं गेली. २० नोव्हेंबर २०१८च्या सकाळी पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या मैदानावर, जबलपूरच्या खमरिया कारखान्यातून आलेला बाद दारूगोळा उतरवताना स्फोट झाला. सहा जण ठार झाले. बहुतेक जण जवळपासच्या गावांतले, ठेकेदाराकडे रोजीने जाणारे मजूर होते. या मजुरांचं काम म्हणजे खड्डे खणायचे, पेट्या वाहायच्या, माल खड्ड्यात रचायचा, वर रेतीची पोती टाकायची. स्फोटानंतर मातीत राहतं ते पितळ आणि लोखंड. भंगाराला भाव असल्यामुळे ते वेचायला हात पुढे येतातच.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. खड्ड्यात रचलेला प्रत्येक गोळा फुटतोच असं नाही. एखादा धक्क्याने बाजूला उडतो, मातीत गाडला जातो आणि पितळ शोधणाऱ्याच्या हाती जिवंत लागतो. म्हणून प्रत्येक स्फोटानंतर जाणकारांनी जमीन पुन्हा तपासायची, किती गोळे ठेवले आणि किती फुटले याचा मेळ घालायचा, आणि त्याची नोंद पुढच्या तुकडीच्या हाती द्यायची. हे काम कंटाळवाणं आहे, त्याची बातमी होत नाही, आणि निविदा संपली की माणसं बदलतात. आज शिकलेला मजूर उद्या दुसरीकडे कापूस वेचायला गेला, तर त्याच्याबरोबर मैदानाची ओळखही जाते.

जगात हे काम ज्यांनी टिकवलं, त्यांनी आधी माणसं टिकवली. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. ते उपसण्यासाठी १९९६मध्ये तिथे राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली. स्थानिक तरुण-तरुणींना शिकवून पथकं तयार झाली, पण पैसा मुख्यतः परदेशी मदतीचा. मदत आटली की पथकांवर गदा येते. जर्मनीत ही जबाबदारी राज्यांनी कायमची अंगावर घेतली आहे. दुसरं महायुद्ध संपून ८० वर्षं झाली, तरी बॉम्बशोधक पथकं सरकारी सेवेत आहेत. २०११मध्ये कोब्लेंझला ऱ्हाइन नदीच्या पात्रात बॉम्ब सापडला, तेव्हा ४५ हजार माणसं हलवून तो निकामी केला गेला. अनुभवी पथकांचीही हानी होते: २०१०मध्ये गॉटिंगनला असं काम करताना तिघे गेले.

आपल्याकडे ज्ञान नाही, असं कुणी म्हणू नये. अग्निशमन आणि नागरी संरक्षण या दोन्हींचं राष्ट्रीय पातळीवरचं प्रशिक्षण १९५७पासून नागपुरात मिळतं. देशभरातल्या स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही इथेच. मात्र १८८४च्या स्फोटक कायद्यातल्या बहुतेक तरतुदी सैन्यदलांना लागू होत नाहीत, त्यामुळे पेसोचा अधिकार दारूगोळा भांडाराच्या कुंपणाशी संपतो. पुलगाव इथून शंभरेक किलोमीटरवर. नागपुरात शिकवलं जाणारं शास्त्र सोनेगावच्या मजुरापर्यंत पोहोचायला अडचण अंतराची कधीच नव्हती.

मे २०२५मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात पूंछ परिसरात पडलेले न फुटलेले तोफगोळे सैन्याच्या पथकांनी हुडकून जागच्या जागी नष्ट केले. लढाईनंतर ही तत्परता दिसते, तर शांततेतही दिसायला हवी. दारूगोळा हाताळणारा माणूस ठेकेदाराच्या हजेरीपटावर नको, प्रशिक्षण, विमा आणि निवृत्तिवेतन असलेल्या कायम पदावर हवा. मैदानाचा कोणता भाग तपासला आणि कोणता राहिला, याचा नकाशा दर पावसाळ्यानंतर लगतच्या ग्रामपंचायतींत लावायला हवा. यासाठीचा पैसा दारूगोळा खरेदी करतानाच बाजूला ठेवायचा, कारण खरेदीच्या दिवशीच त्याची मुदत कधी संपणार, हे कागदावर लिहिलेलं असतं.